बिनसाबणाचे भावोजी

रविवारी सकाळी स्वयंपाकघराचा ताबा घेणारा पुरुष तुमच्याही घरात असेलच. आठवडाभर चहाचा कप उचलून ठेवत नाही आणि रविवारी एका पदार्थासाठी सात भांडी, दोन पंचे आणि अख्खं कुटुंब वापरतो. आमच्याकडे हे काम ताईचे यजमान करतात. पदार्थ ठरलेला : बिडाच्या तव्यात बटाट्यावर फोडलेली अंडी.

मागच्या रविवारी साडेआठला नाश्त्याला बोलावलं होतं. साडेनऊला बटाट्याच्या फोडी तिसऱ्यांदा धुतल्या जात होत्या. "स्टार्च गेला पाहिजे, नाहीतर तव्याला धरतात." मग त्या पंच्यावर टिपल्या. पंचा अर्थातच नवा. तवा तापेपर्यंत व्याख्यान : बीड सावकाश तापतं, पण तापलं की ऊब सोडत नाही, बटाटा हा शब्द पोर्तुगीज, हा पदार्थ पारशांचा, पपेता पर ईडू. फोडी तेलात पडल्या की सगळ्यांना दम. "हलवायचं नाही! खालून लाल होऊ दे." कांदा, मिरची, मीठ, मग डावाने चार आळी केली, झाडांना करतात तशी, आणि प्रत्येकात एक अंडं. वर झाकण. "पांढरं 62-63 अंशांना धरायला लागतं, बलक त्यानंतर. मी सांगेन तेव्हाच उघडायचं."

इथवर माणूस सोसतो. खरा छळ खाऊन झाल्यावर. आपला शेवटचा घास तोंडात असतो, तोच भावोजी तव्यावर झेप घेतात. "साबण नाही!"

हे ते कामाच्या मावशींना सांगतात, पाहुण्यांना सांगतात. एकदा मी नुसते हात धूत होतो, तर मलाही सांगितलं. नव्या मावशींनी एकदा तारेच्या घासणीने तवा लख्ख केला, तर भावोजींनी दहा दिवस सुतक पाळलं. रोज तेलाचं बोट, रोज धूर. "काही जळतंय का?" शेजारी विचारायला आले. "माझा जीव," ताई म्हणाली.

भाची रसायनशास्त्र शिकते. तिने समजावलं : तेल तापून तव्यावर त्याचा पक्का थर बसतो, हल्लीच्या सौम्य साबणाने तो जात नाही, पूर्वीच्या कॉस्टिकवाल्या साबणाने जायचा. भावोजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साबणाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली : 'तव्यास नाही.'

त्या रविवारी ते रद्दीच्या कागदाने तवा पुसत असताना मी सहज विचारलं, हे शिकलात कुणाकडून?

"बाबांकडून. वाड्यात आमच्याकडे अंडं चालायचं नाही. बाबा गॅलरीत स्टोव्ह पेटवून आम्हा चौघांना करून घालायचे. आईची अट एकच, तवा घरात यायचा नाही. मोरीत तर नाहीच. आता साबण मोरीत, मोरी आईची. मग काय, कागदाने पुसायचा आणि जिन्याखाली ठेवून द्यायचा."

"आणि आई?"

"उंबऱ्याच्या आत उभी. आमच्या ताटल्यांत वरून पोळ्या टाकायची, ताटलीला हात न लावता." कागद थांबला. "गरम असायच्या. तूप लावलेल्या."

तव्याला स्वयंपाकघरात चांगला कप्पा आहे. भावोजींनी तो गॅलरीत नेऊन भिंतीशी उभा केला. मी उष्ट्या ताटल्या गोळा केल्या आणि बेसिनपाशी नुसताच उभा राहिलो.

"ताटल्यांना चालतो रे साबण," बाहेरून आवाज आला.