भागीदारभाऊ

मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा. कुठल्याही बसस्थानकासमोरच्या टपरीवर एक भागीदारभाऊ हमखास सापडतात. धंदा एकही नाही, भागीदार मात्र डझनभर. उन्हाळ्यात त्यांना तेंदूपत्ता दिसतो, दिवाळीनंतर धान, मधल्या काळात बांबू. सध्या ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ पर्यटकांसाठी चहा-पोह्याचं हॉटेल चाललंय, अजून टपरीवरच. प्रत्येक योजना सुरू होते ती नफ्याच्या वाटपापासून. पन्नीत खर्रा घोटता घोटता भाऊंचा अंगठा जोर धरतो, तसतसा नफा वाढत जातो. घोटून झाला की अर्धा खर्रा समोरच्याच्या तळहातावर. हा वाटा त्यांनी आजवर कुणाचाही बुडवलेला नाही.

यंदा गळाला लागले ते निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडे फंडाचे पैसे होते आणि धास्तीही.

"टॅक्सचं काय, भाऊ?"

"कायचा टॅक्स, गुरुजी? सहा लाख नफा झाला का तीन तुमचे, तीन माझे. तीन लाखाले टॅक्स लागते काय?"

इथंच भाऊ आणि आयकर खात्याचं बिनसतं. खात्याच्या लेखी फर्म ही भाऊ आणि गुरुजींहून वेगळी, तिसरी असामी. तुम्हाआम्हाला मिळते ती सूट तिला नाही. पहिल्या रुपयापासून सरळ 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के सेस. हा भरून उरलेला नफा भागीदारांच्या हातात आला की त्यावर पुन्हा कर नाही, एवढाच दिलासा. म्हणजे सहा लाखांतले 1,87,200 रुपये आधी सरकारजमा, मग भाऊंचं अर्धं-अर्धं.

चंद्रपूरच्या टॅक्सवाल्या वकीलसाहेबांनी हा आकडा कागदावर मांडला, तेव्हा भाऊंच्या तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

"यातून वाट आहे," वकीलसाहेब म्हणाले. "करारपत्रात दोघांचा कामाचा मोबदला लिहू. किती लिहायचा?"

भाऊंना अपमान वाटला. "मालक पगार घेते काय, साहेब? पगार नोकर घेते."

हा बाणा फार महाग पडतो. पहिल्या सहा लाखांच्या नफ्यावर तीन लाख किंवा 90 टक्के, यातलं जे जास्त तेवढा मोबदला फर्मच्या खर्चात धरता येतो; अट एवढीच, की तो करारपत्रात लिहिलेला हवा. इथं तो 5,40,000. फर्मकडे उरले साठ हजार, त्यावर कर 18,720. दोघांच्या हाती आलेल्या प्रत्येकी 2,70,000 रुपयांवर, दुसरं उत्पन्न धरूनही बेरीज बारा लाखांच्या आत राहिली, तर नव्या करपद्धतीत काही नाही. एप्रिल 2025 पासून असा मोबदला आणि भांडवलावरचं व्याज वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं की फर्मला 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. कर लागत नसेल तर रिटर्न भरून तो परत मागायचा. भांडवलावर 12 टक्क्यांपर्यंत व्याजही चालतं, हे ऐकून गुरुजी पहिल्यांदाच खुर्चीत सावरून बसले.

भाऊही वळणावर आले. "मंग लिवा ना साहेब, मले जरा जास्त."

"मोबदला काम करणाऱ्या भागीदारालाच मिळतो. काम कोण करणार?"

"मी गल्ल्यावर बसीन," गुरुजी म्हणाले.

"मी देखरेख पाहतो," भाऊ म्हणाले. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ताडोबाचा कोअर भाग 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद, शिवाय दर मंगळवारी सुट्टी. तेव्हा देखरेख नेमकी कशाची, हा प्रश्न त्यांनी सभ्यपणे गिळला.

फर्मच्या नोंदणीचा विषय निघाला तेव्हा मात्र भाऊ गप्प होते. मागे धानाच्या भागीदारीत एका व्यापाऱ्यानं त्यांचे पैसे थकवले, आणि नोंदणी नसलेल्या फर्मला 1932 च्या कायद्यानुसार कराराच्या वसुलीचा दावाच लावता येत नाही, हे त्यांना कोर्टाच्या पायरीवर कळलं होतं.

शेवटी व्यवसाय कर निघाला. वर्षाला 2,500 रुपये. भाऊंनी लगेच हिशेब केला, "म्हंजे साडेबाराशे तुमचे, साडेबाराशे माझे."

तसं नाही. हा कर प्रत्येक भागीदाराला वेगळा आणि पूर्ण भरावा लागतो.