वेल्हे ते क्वीन्स गार्डन, मार्गे टोलनाका

पुण्यात रेल्वे स्टेशनापासून थोड्याच अंतरावर क्वीन्स गार्डन नावाचा भाग आहे. तिथे राणी नाही. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ही सरकारी संस्था १९६२ साली स्थापन झाली. राज्यातल्या आदिवासी जमातींचा अभ्यास करणे हे तिचे काम, आणि त्या अभ्यासाचा डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे तिच्या आवारातले आदिवासी संग्रहालय. महाराष्ट्रात ४५ अनुसूचित जमाती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांच्या घरात, म्हणजे राज्याच्या साधारण ९.४ टक्के होती. एवढ्या लोकांचे जगणे काही दालनांत बसवायचे, तर वस्तू निवडाव्या लागतात आणि माणसे बाहेर ठेवावी लागतात. बाहेर राहिलेल्या माणसांपैकी महादेव कोळी आणि कातकरी या दोन जमातींचे लोक भोर आणि वेल्हे तालुक्यांत राहतात. त्यांनी आपलेच संग्रहालय पाहायला कसे जावे, हा या प्रवासाचा विषय.

प्रवास सुरू होण्याआधी तालुक्याचे नाव ठरवावे लागते. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हेच राहिले. त्यामुळे अर्जावर राजगड, गप्पांत वेल्हे आणि पुण्याच्या पाहुण्यांना सांगताना ‘तोरण्याच्या पायथ्याशी’ अशी तीन नावे एकाच माणसाला वापरावी लागतात. भोरकरांना ही अडचण नाही. त्यांचा तालुका पंतसचिवांच्या संस्थानाचा, राजवाडा अजून उभा, आणि वाडा पाहायला आलेला पाहुणा इतिहास विचारण्याआधी ‘आज शूटिंग आहे का?’ असे विचारतो.

वेल्ह्याहून निघालेली एसटी मार्गासनी, विंझर, आंबवणे करीत नसरापूरला येते. वाटेत प्रवासी वाढतात, बसायच्या जागा वाढत नाहीत. पिशव्यांना मात्र जागा मिळतेच. पिशवीत इंद्रायणी तांदूळ असतो आणि तो पुण्यातल्या नातेवाइकाला पोहोचवायचा असतो. संग्रहालय हे या प्रवासाचे जाहीर कारण, तांदूळ हे खरे. नसरापूरजवळ बनेश्वर आहे. शंकराचे हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. १७३९ च्या वसईच्या विजयातली मानली जाणारी पोर्तुगीज घंटा इथे टांगलेली असून तिच्यावर क्रूस आहे. भोवती दाट झाडी आणि नदीवर लहानसा धबधबा आहे. संग्रहालयाबरोबर उद्यानही पाहायचे असेल तर ते इथेच उरकता येते. घरची मंडळी डबा इथेच सोडतात, आणि एकदा डबा सुटला की निम्मी सहल संग्रहालयावरचा हक्क सोडते.

भोरची गाडी कापूरहोळला महामार्गाला लागते, वेल्ह्याची चेलाडी फाट्याला. पुढे दोघींना खेड शिवापूरचा टोलनाका भेटतो. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी इथे समाजशास्त्राचा मोठा नमुना दिसतो. पुण्याहून येणाऱ्या रांगेत मोटारी असतात; त्यांतली माणसे राजगड-तोरण्याच्या पायथ्याला चुलीवरची भाकरी खायला, जात्याचा फोटो काढायला आणि ‘खरं गाव’ बघायला निघालेली असतात. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत तेच खरे गाव बसलेले असते. ते कामाला, दवाखान्यात, लग्नाच्या खरेदीला चाललेले असते. दोन्ही बाजू एकमेकींकडे कुतूहलाने बघतात. दोघींच्या मते समोरच्यांना रविवारी घरी बसवत नाही.

कात्रजचा बोगदा ओलांडून गाडी स्वारगेटला पोहोचते. इथून पुढे मेट्रो आहे. ती जमिनीखालून जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत नेते. तिथे वनाज-रामवाडी मार्गाची गाडी पकडून पुणे रेल्वे स्थानकाला उतरावे. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. तोरणा सुमारे १४०० मीटर उंच असून तो चढताना ज्यांना दम लागत नाही, अशी माणसे सरकत्या जिन्यापुढे थबकतात. एक पाऊल पुढे येते, मागे जाते. मागची रांग सल्ले देते. शेवटी शेजारच्या साध्या जिन्याने सगळे सुखरूप पोहोचतात, आणि बरेचदा सल्ले देणाऱ्यांच्या आधी.

संग्रहालयात सह्याद्री आणि गोंडवन या दोन्ही भागांतल्या जमातींचे जीवन मांडलेले आहे: दागिने, शस्त्रे, शेतीची अवजारे, बांबूकाम, वाद्ये, मुखवटे आणि वारली चित्रे. वारली चित्र मुळात घराच्या भिंतीवर, गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने काढतात. ते कागदावर आणून जगभर पोहोचवण्याचे मोठे काम जिव्या सोमा मशे यांनी केले; त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्रातल्या नाचाच्या फेऱ्यात मध्ये जो वाजवणारा दिसतो, त्याच्या हातात तारपा असतो. भोपळा आणि बांबूपासून केलेले हे वाद्य फुंकून वाजते. काचेमागचा तारपा शांत असतो, तेव्हा त्याचा आवाज पाहुण्याने स्वतःच्या तोंडाने काढून मुलांना ऐकवायचा असतो. ही सोय जवळपास प्रत्येक कुटुंबात एक काका पुरवतात.

प्रेक्षकांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाटी वाचतो, वस्तूकडे ओझरते बघतो आणि पुढच्या पाटीकडे जातो. दुसरा वर्ग पाटीकडे ढुंकून बघत नाही. बांबूच्या टोपलीपुढे वेल्ह्याची म्हातारी उभी राहिली की आधी ती वाकते, मग मान तिरपी करते, मग जवळजवळ जमिनीवर बसते. तिला टोपलीचे बूड बघायचे असते. कामट्या कशा आडव्या-उभ्या घातल्यात, बांबूची हिरवी पाठ बाहेर आहे की आत, काठ किती घट्ट बांधलाय, यावर टोपली किती पावसाळे टिकेल ते कळते. बूड काचेतून दिसत नाही. मग ती नातवाला विचारते, ‘‘केवढ्याला म्हणतेत?’’ नातू ओशाळून सांगतो, ‘‘आजी, हे विकायचं नाय.’’ ‘‘मग मांडलंय कशापायी?’’ या प्रश्नावर पाटीत काही लिहिलेले नसते.

काही गोष्टी काचेत मावत नाहीत. भातरोपांसाठी राब भाजतात, म्हणजे जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून पेटवतात. पुढे त्याच जागी बी पेरतात. त्याचा धूर दालनात ठेवता येत नाही. कातकरी पूर्वी खैरापासून कात काढीत. पुढे जंगलाचे कायदे आले आणि तो धंदा गेला. आज अनेक कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला बाहेरगावी जातात. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित गटात धरले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. वीट मात्र अजून तरी संग्रहालयीन वस्तू ठरलेली नाही.

एका समाजाचे जगणे संग्रहालयात मांडण्याच्या याच कामाचा मोठा थाट जपानमध्ये आहे. होक्काइडो बेटावरच्या शिराओई गावी, पोरोतो तलावाकाठी, ऐनू लोकांसाठी ‘उपोपोय’ हे राष्ट्रीय संग्रहालय आणि उद्यान १२ जुलै २०२० रोजी उघडले. ऐनूंना मूळनिवासी म्हणणारा कायदा त्याआधी वर्षभर, म्हणजे २०१९ साली आला. तिथे जुन्या पद्धतीची घरे नव्याने उभारली आहेत, नाच-गाणी रोज होतात, बांबूची पट्टी तोंडाशी धरून दोरीच्या झटक्याने वाजवायचे मुक्कुरी नावाचे वाद्य ऐकवतात, आणि पाट्यांवर ऐनू भाषेला पहिला मान आहे. वेल्ह्याचा माणूस तिथे गेला तर दोन गोष्टींनी चकित होईल: गाव बघायला तिकीट आहे, आणि गावात संध्याकाळी कोणी राहत नाही. त्याच्याकडे नेमके उलटे आहे. गावात माणसे आहेत, चूल आहे, टोपली आहे. बघायला येणाऱ्यांकडून फक्त भाकरीचे पैसे घेतले जातात आणि माहिती फुकट मिळते.

जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. पुण्याच्या संग्रहालयात वस्तूंना पाटी आहे, पण वस्तू वापरलेला माणूस बरोबर नेल्यास दुप्पट कळते. हा माणूस महागात पडत नाही. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. तेव्हा तालुक्यातला सर्वांत जाणकार मार्गदर्शक फुकटात येतो. त्याचे आधारकार्ड तेवढे आठवणीने घ्यावे.