ऑसम, गजब अन् बाप्पा रे!

"मॅडम, हे 'एक्सायटेड' म्हनजे नेमकं काय होते जी?"

कुंपणापलीकडून काकूंचा सवाल आला. पुढ्यात सूप, सुपात नवा चिन्नोर, नजर खड्यांवर. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते हे त्या विसरत नाहीत, आणि मलाही विसरू देत नाहीत. विषय नातीचा होता. पोरगी नोकरीसाठी पुण्यात. नाताळच्या सुट्टीत बालाघाटला यायचं तिकीट निघालं, तर 'एक्सायटेड'. घरच्या मांजरीनं पिल्लं दिली, तर 'ऑसम'. अन् जाताना चिन्नोर बांधून देते म्हटलं, तर 'वाव, सुपर एक्सायटेड, आजी!'

"आता तांदळानं कोनी एक्साइट होते का?"

"हा तांदूळ असला तर होतंही," मी म्हटलं. "2021 मध्ये आपल्या चिन्नोरला जीआय मानांकन मिळालं ना."

"मिळालं तं मिळालं. वास तं पयलेपासूनच येत होता."

यावर काय बोलणार! मी आपली नातीची बाजू घेतली. 'वाव' काही कालचा शब्द नाही. स्कॉटलंडच्या गॅव्हिन डग्लसनं 1513 मध्ये व्हर्जिलचं 'इनीड' आपल्या बोलीत उतरवलं, त्यात तो सापडतो. लंडनच्या साहेबाचा नव्हे, स्कॉट लोकांचा शब्द. काकूंना हे एकदम पटलं. "म्हनजे आपल्या 'अवो माय'सारखा. तरीच सोपा हाय."

'ऑसम'चं मात्र त्यांना नवल वाटलं. त्यातला 'ऑ' म्हणजे धाक; ज्याच्यासमोर छाती दडपते ते ऑसम. 'टेरिफिक' तर सरळ दहशतीच्या घरचा. आणि 'थ्रिल'? जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचं मूळ भोक पाडण्याशी आहे. नाकपुडीला इंग्रजीत 'नॉस्ट्रिल' म्हणतात, तिच्या शेपटीत तेच भोक बसलंय. काकूंचा हात आपसूक नाकातल्या फुलीवर गेला. "टोचलं तवा मी रडली होती. थ्रिल-बिल काई झालं नाई."

हसू नका, आपणही त्याच वाटेनं जातो. लुगडं 'भयंकर' आवडतं, वरण 'जबरदस्त' होतं. संस्कृतातल्या हर्षाच्या धातूचा अर्थच अंगावरचे केस उभे राहणं. ते भीतीनंही राहतात, आनंदानंही. आणि आपल्या गावात उठता-बसता ऐकू येणारं 'गजब' मूळ अरबीत राग, कोप. काका जिलबी खाऊन 'गजब' म्हणतात, आणि लाइट गेली की 'गजब हो गया' म्हणून कपाळाला हात लावतात. दुसऱ्या वेळी ते मूळ अर्थाच्या जास्त जवळ असतात, हे त्यांना कोणी सांगू नये. सगळ्या मेळ्यात सरळ माणूस एकच, आपलं 'शाब्बास'. फारसीतलं 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. त्याला बिचाऱ्याला मुलं आता विचारत नाहीत. 'गुड जॉब' म्हणा, मग खुलतात.

1956 मध्ये विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण इकडेच, मध्य प्रदेशात राहिलो. आपली शाळा हिंदीत आणि चूल मराठीत. काकूंच्या तोंडी 'मनात लाडू फुटले' येतं ते हिंदीतून, पण पुण्यातली मंडळीही आता ते बिनदिक्कत वापरतात. त्यात फोनवरचं इंग्रजी आलं तर काय बिघडलं? माझी तक्रार वेगळीच आहे. तिकिटालाही एक्सायटेड, तांदळालाही एक्सायटेड, मग पोरीला जास्त कशाचं झालं ते आजीनं ओळखायचं कसं?

"आमचं बरं हाय," काकू म्हणाल्या. "एक 'बाप्पा' ठेवला की झालं." आणि त्यांनी तिथल्या तिथे करून दाखवलं. पोरगी पहिली आली, तर लांबवलेलं 'बाआप्पा!' सोन्याचा भाव ऐकला, तर तुटका 'बाप्पा.' साप दिसला, तर 'बाप्पा रे बाप्पा', तेही पळता पळता.

"अन् कान्हाच्या जंगलात वाघ दिसला तर?"

काकू थांबल्या. मुक्की गेटनं त्या एकदाच आत गेल्या होत्या, जावयाच्या आग्रहानं. वाघ रस्त्यावर आला तेव्हा जिप्सीतली शहरातली मंडळी 'वाव, ऑसम' करायला लागली, आणि गाइडनं सगळ्यांना गप्प केलं.

"मी तं काईच नाई म्हनली जी. तोंडच उघडलं नाई."

माझ्या मते त्या जिप्सीत 'ऑसम'चा खरा अर्थ कळलेल्या काकू एकट्याच. मांजरीच्या पिल्लांना 'गोड' पुरे. 'ऑसम' वाघासाठी राखून ठेवावा.

सूप आपटून काकू उठल्या. "ते सारं ठीक. पन तिले फोन लावा अन् तुमच्या इंग्रजीत विचारा, एक्सायटेड म्हनजे पाच किलो का दहा?"