उरकणारे मामा

आमचे मामा प्रवास करत नाहीत, उरकतात. ३५ वर्षं एसटीच्या स्टँडावर कंट्रोलरच्या खिडकीत बसलेला माणूस. कुठल्याही गावाचं नाव घेतलं की तिथून गाडी किती वाजता सुटते हेच त्यांना आधी आठवतं. काशी त्यांनी दीड दिवसात उरकली होती. गेल्या डिसेंबरात ते माझ्याकडे अ‍ॅडलेडला आले, तेव्हा मला त्यांच्यापेक्षा गावाची काळजी वाटली. इथे माणसं कॉफीसुद्धा बसून, गप्पा मारत, निम्मी गार करून पितात.

"काय काय आहे बघण्यासारखं?" विमानतळावरच प्रश्न. हातात पतसंस्थेची डायरी.

"समुद्र, द्राक्षमळे, बागा."

"म्हणजे दोन दिवस."

शहर त्यांनी पहिल्या सकाळीच संपवलं. त्यात दोष कर्नल लाइटचा. १८३७ साली त्याने काटकोनातले रुंद रस्ते आखले, मधेमधे चौक सोडले आणि चारी बाजूंनी हिरवळीचा पट्टा ठेवला. रस्ता चुकायची सोयच नाही, मग वेळ लागणार कसा? थांबले ते फक्त मैदानाबाहेर, ब्रॅडमनच्या पुतळ्यापाशी. त्याच्या सरासरीचा ९९.९४ हा आकडा त्यांना शाळेपासून डाचतोय. "शेवटच्या डावात चार धावा हव्या होत्या रे. चार! तेवढं उरकून टाकायचं की नाही?" पुतळ्याकडे रागाने बघून त्यांनी डायरीत टिक केली.

घोडं अडलं ते बरोसाच्या द्राक्षमळ्यांत. मामांची निफाडला दीड एकर बाग आहे. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, माल गाडीत भरला की मोकळे. वेल पंधरा-वीस वर्षांचा झाला की म्हातारा म्हणून काढून टाकायचा. इथे १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेलींना अजून घड लागतात म्हटल्यावर ते माझ्याकडे संशयाने बघू लागले. युरोपातल्या बागांची वाट लावणारी फायलॉक्सेरा कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचली नाही, म्हणून हे म्हातारे वाचले. पाहुण्यांच्या बुटांच्या मातीतून ती येऊ नये म्हणून मळ्यात शिरायलाही मनाई. मामा तारेबाहेरूनच ते पीळ पडलेले, साल सुटलेले बुंधे न्याहाळत होते.

"छाटणी कधी?"

"हिवाळ्यात. एकदाच."

"मग बाकी वर्षभर हे करतात काय?"

त्यावर कडी केली सेपेल्ट्सफील्डच्या वायनरीने. तिथे १८७८ पासून दर वर्षीची गोड टॉनी वाईन पिंपात भरून ठेवतात आणि शंभर वर्षं झाल्यावर विकायला काढतात. अंधाऱ्या कोठीत पिंपांच्या रांगा, प्रत्येकावर साल. आत भिजत घातलेल्या मनुकांसारखा वास. मामा घेत नाहीत, पण सालं वाचत वाचत १९५३पाशी आले. हे त्यांचं जन्मसाल.

"हे कधी काढणार?"

"२०५३ला."

मामांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे आमचं अजून बाकीच आहे," असं म्हणत त्यांनी पिंपावर दोनदा थोपटलं. डायरी खिशातून बाहेर आली नाही. मला वाटलं, पाघळले.

कसले पाघळतात! दुसऱ्या दिवशी ट्रॅमने ग्लेनेल्गला गेलो. या नावाचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं तरी तेच, हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "म्हणजे चिमा काय कामाची!" आणि लागलीच घड्याळाकडे वळले. सूर्यास्त साडेसहापर्यंत उरकेल असा त्यांचा हिशेब होता. इथे डिसेंबरात सूर्य साडेआठशिवाय जात नाही. पोरं धक्क्यावरून पाण्यात उड्या मारत होती, लोक वाळूत पाय पसरून चिप्स खात होते, सीगल त्या चिप्सवर टपले होते. मामा उभे. स्टँडावर गाडी लेट असल्यावर कंट्रोलर ज्या नजरेने रस्त्याकडे बघतो, त्या नजरेने पश्चिमेकडे बघत. सात वाजता त्यांनी गुपचूप डायरी काढून 'सूर्यास्त'वर टिक केलेली मी पाहिली.

शेवटी आठ पंचविसाला सूर्य पाण्याला टेकला, सगळा किनारा तांबूस झाला. "मामा, बघा!" म्हणून मी वळलो, तर मामा गायब.

चौकात ट्रॅम उभी होती. आत मामांखेरीज चिटपाखरू नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना दम भरला, ते मामा एका सीटवर बसले होते आणि शेजारच्या सीटवर त्यांनी माझ्यासाठी रुमाल टाकला होता.