मैत्रीचा भोंगा

संगीताला सीमा नसतात, हे वाक्य उद्घाटनाच्या भाषणांत हमखास घालणाऱ्यांना एकदा कोरियाच्या सीमेवर मुक्कामाला पाठवायला हवं. तिथे गाणं चक्क तैनात झालेलं आहे.

मे २०२४च्या अखेरीस उत्तर कोरियाने कचरा भरलेले फुगे दक्षिणेकडे सोडायला सुरुवात केली. सिगारेटची थोटकं, चिंध्या, खत, असा सगळा ऐवज. दक्षिण कोरियाने ९ जूनला सीमेवरचे, सहा वर्षं बंद असलेले भोंगे पुन्हा चालू केले आणि त्यांतून ‘बीटीएस’ या बँडची गाणी सोडली. कचऱ्याला उत्तर काय, तर देशातलं सगळ्यात लाडकं संगीत! याच सात पोरांना २०२१ साली राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी विशेष दूत नेमून संयुक्त राष्ट्रांत नेलं होतं. तीन वर्षांत दूताचा दारूगोळा झाला. शिवाय गाणी सीमेवर वाजत होती तेव्हा गाणारे सातही जण सक्तीच्या लष्करी सेवेत. एकाला तेवढं नागरी काम मिळालेलं. सगळ्यात थोरला जिन तर सीमेजवळच्याच तळावर गणवेशात. कलावंताचा असा मुळापासून शेंड्यापर्यंत वापर आपल्या सांस्कृतिक खात्यालाही अजून जमलेला नाही.

पण खरी मौज २०१८ची. त्या वर्षी १ एप्रिलला (तारीख मी निवडलेली नाही) ‘रेड वेल्व्हेट’सह दक्षिणेचे नामांकित गायक प्याँगयांगमध्ये गायले. किम जोंग-उन सपत्नीक हजर. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कलाकारांबरोबर फोटो काढून घेतला. कार्यक्रमाचं नाव होतं ‘वसंत येतोय’. साहेब इतके खूश, की शरदात सोलमध्ये ‘शरद आला’ असा कार्यक्रम करू, असं त्यांनीच सुचवलं. तो शरद अजून उगवायचाय.

त्याऐवजी डिसेंबर २०२०मध्ये उत्तरेत कायदा उगवला. दक्षिणेचे कार्यक्रम बघणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, ते पसरवणाऱ्याला थेट मृत्युदंडापर्यंत शिक्षा. म्हणजे साहेबांनी नाट्यगृहात ऐकलं तर शिष्टाई आणि गावाकडच्या पोराने चोरून आलेल्या पेन ड्राइव्हवर ऐकलं तर देशद्रोह. गाणं वाईट, असं तिथलं सरकार मनातून मानत असेल असं मला अजिबात वाटत नाही. ते चांगलं आहे, हीच तर पंचाईत आहे.

दक्षिणवालेही काही कमी नाहीत. ह्यॉन साँग-वोल या उत्तरेच्या गायिकेला गोळ्या घातल्याची बातमी २०१३ साली त्यांच्या वर्तमानपत्रात छापून आली. २०१८च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी उत्तरेचा वाद्यवृंद घेऊन दक्षिणेत कोण आलं? याच बाई. धडधाकट.

उत्तरेचं मित्रांशीही असंच. डिसेंबर २०१५मध्ये त्यांचा मोरानबोंग बँड बीजिंगला गेला आणि कार्यक्रमाला काही तास उरले असताना विमान पकडून घरी परतला. चीनने संवादातल्या अडचणींकडे बोट दाखवलं. चीनसारखा सख्खा शेजारी, आणि तरी ही तऱ्हा! २००८ साली मात्र न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा अमेरिकी वाद्यवृंद प्याँगयांगला जाऊन वाजवून आला. मंचावर दोन्ही झेंडे, दोन्ही राष्ट्रगीतं, शेवटी कोरियन लोकगीत ‘आरिरांग’. जगभर डोळे पाणावले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात उत्तरेने दुसरी अणुचाचणी केली. यात व्हायोलिनवाल्यांचा दोष नाही. त्यांच्याकडून अण्वस्त्रं उतरवून घ्यायला निघालेल्यांचा आहे.

आपण हसायचं कारण नाही. ऑक्टोबर २०१५मध्ये पाकिस्तानी गझलगायक गुलाम अली मुंबईत जगजीत सिंग यांच्या स्मरणार्थ गाणार होते. शिवसेनेच्या विरोधामुळे कार्यक्रम रद्द झाला. तीन महिन्यांनी ते कोलकात्यात गायले. तिथली सीमा वेगळी असावी. आपल्याकडे बंदी घालायला कायदासुद्धा लागला नाही, एवढीच काय ती कोरियापेक्षा प्रगती.

असो. दक्षिणेच्या त्या भोंग्यांना उत्तर म्हणून उत्तरेने आपले भोंगे लावले, पण गाणी नाहीत. लांडग्यांचं विव्हळणं, धातू खरवडल्याचे आवाज, तेही रात्रीबेरात्री. गांघ्वा बेटावरच्या गावकऱ्यांची झोप उडाली. दोन्हीकडची ही सांस्कृतिक देवाणघेवाण त्यांनी महिनोन् महिने फुकट ऐकली. कधी बंद होणार, एवढीच त्यांची फर्माईश होती.

जून २०२५मध्ये दक्षिणेचे नवे राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी आपले भोंगे बंद केले आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडचे आवाजही थांबले. ना शिष्टमंडळ, ना करार, ना मैफल. ऑगस्टमध्ये दक्षिणेने भोंगे उतरवायला घेतले. २०१८ सालीही ते असेच उतरवले होते. भंगारात मात्र काढले नव्हते.