निराशेला मुहूर्त

‘जगाचं काही खरं नाही,’ असं भडंगाचा बकाणा भरत ऐकवणाऱ्या सांगलीकरांनी जरा १९४३ साल आठवावं. गांधीजी कैदेत, बेचाळीसची चळवळ चिरडलेली, महायुद्ध पेटलेलं, बंगालात भूकबळी. हातपाय गाळायला याहून चांगला मुहूर्त कुठला? पण क्रांतिकारक नाना पाटलांच्या माणसांना तेवढीही उसंत नव्हती. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीकडच्या गावांतही, त्यांचं इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार चाललं होतं. तंटे सोडवा, दरोडेखोर आवरा, चार पैशांत गांधी-लग्नं लावा. जूनमध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली, तीही एकही प्रेरणादायी व्हिडिओ न बघता! हल्ली लग्नावर ड्रोन घिरट्या घालतो आणि भावाभावांचा बांधाचा दावा नातवांपर्यंत चालतो. जगाचं बघू नंतर. आधी ते बांधाचं मिटवा.