ओगराळ्याचा अंमल

ओगराळे हा शब्द उच्चारण्यास तोंड जितके उघडावे लागते, तितके त्यातून वाढलेले ताक पिण्यासही उघडावे लागत नाही. आणि दांडा लावलेल्या एका खोलगट वाटीला मराठी भाषेने एवढे भारदस्त नाव का बहाल केले असावे, हा प्रश्न मला, ते ओगराळे माझ्या हाती लागू नये अशा उंचीवर खुंटीला टांगले जात असे त्या वयापासून, पडत आलेला आहे. पळी म्हटले की काहीतरी सडपातळ आणि चुणचुणीत डोळ्यांपुढे येते. डाव म्हटले की कुस्तीचा किंवा राजकारणाचा किंचित वास येतो. पण ओगराळे म्हटले की ते दृष्टीस पडण्यापूर्वीच पंक्तीतील मंडळी मांडी सावरून बसतात.

'ओगरणे' म्हणजे पानात वाढणे. जुन्या मराठी ग्रंथांतून हे क्रियापद 'वोगरणे' या रूपाने राजरोस वावरत होते. पुढे 'वाढणे' या सोज्ज्वळ शब्दाने त्याची जागा बळकावली आणि क्रिया बेदखल झाली, तरी तिचे हत्यार मात्र कुळकायद्याचा आधार घेऊन स्वयंपाकघरात कबजा धरून राहिले. शेजारच्या कानडी मुलखात 'ओगर' म्हणजे शिजवलेले अन्न, विशेषेकरून भात. तिकडच्या चिंचेच्या भाताला पुळियोगरे म्हणतात, त्याचा उत्तरार्ध तो हाच. मराठीतील हे वाढण्याचे साधन आणि कानडीतील तो वाढला जाणारा भात यांचे गोत्र एकच असावे, असे माझे मत आहे. आणि सीमाप्रश्नाचा अहवाल १९६७ साली सादर करणाऱ्या महाजन आयोगाने गावोगावच्या हद्दी तपासल्या, तरी ओगराळे कोणत्या राज्यात जावे याविषयी कोणीच दावा दाखल केला नाही, याचे मला नेहमीच नवल वाटते. बेळगावच्या पंक्तीत बसलेल्या मनुष्यास विचारले असते, तर ओगराळे ज्या बाजूने येत आहे ती बाजू आपली, असे त्याने निःसंशय सांगितले असते.

स्वयंपाकघर हे एक सरकारी दप्तर मानले, तर त्यातील पायऱ्या फार लवकर ध्यानात येतात. चमचा हा शिपाई. त्याला कोणीही, कोठेही आणि कसल्याही कामावर पिटाळावे. पळी ही कारकून, म्हणजे जे द्यायचे ते थोडे, मोजून आणि शक्य तर उद्या. म्हणूनच तूप तिच्या स्वाधीन करतात. उलथने हे बदल्यांचे खाते सांभाळते आणि एका अंगाने नीट भाजला गेलेला इसम दुसऱ्या अंगावर टाकल्याखेरीज त्यास चैन पडत नाही. झारा हा जकातनाक्यावरचा अंमलदार. घन माल अडवून ठेवावा आणि पातळ माल बिनबोभाट सोडून द्यावा, हे त्याचे ब्रीद. (बळीच्या झारीत शिरून बसलेल्या शुक्राचार्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, ती झारी वेगळी आणि हा झारा वेगळा हे खरे, परंतु वामनाच्या वेळी झारीऐवजी झारा असता तर इतकी भोके बुजविण्यास एकटे शुक्राचार्य पुरे पडले नसते.) डाव हा मामलेदार, रोजची आमटी-वरणाची जमाबंदी त्याच्या सहीशिक्क्याने चालते. आणि ओगराळे हे सुभेदार. ते रोज बाहेर पडत नाही. सणावारी, कार्यप्रसंगी, मठ्ठ्याचे किंवा खिरीचे पातेले चुलीवरून उतरले की मगच ते खुंटीवरून उतरते. त्याचा दांडा काठापासून सरळ उभा असल्यामुळे ते कितीही खोल पातेल्याच्या तळाशी न वाकता पोहोचते, आणि माथ्याला आकडा असल्यामुळे काम झाले की पातेल्याच्या काठावर अडकून विश्रांती घेते. न वाकता तळ गाठणे आणि काम संपताच काठावर जाऊन बसणे, या दोन्ही कला साधल्याखेरीज सुभेदारी मिळत नाही.

आमच्या पूर्वजांनी पदार्थांचे वर्गीकरणदेखील या मंडळींच्या साक्षीने केले आहे. पिठले किती पातळ असावे हे सांगण्यास शास्त्रज्ञांनी स्निग्धता, घनता इत्यादी शब्द योजावेत; आमच्या आज्यांनी 'पळीवाढे' एवढा एकच शब्द टाकून प्रकरण निकालात काढले. पळीने घेता यावे, पळीतून पानात पडावे, पण पानात पडल्यावर शेजाऱ्याच्या हद्दीत अतिक्रमण करू नये, इतका सगळा दिवाणी कायदा त्या एका शब्दात सामावलेला आहे. पळीवाढ्यापेक्षा घट्ट ते उलथन्याचे आणि भातवाढीचे राज्य. पळीवाढ्यापेक्षा पातळ ते अचानक आलेल्या पाहुण्यांचे.

पळीची गंमत अशी की तिचा कारभार दोन खात्यांत आहे. एक बहीण फोडणीत तडतडते, तर दुसरी देवघरात पंचपात्रीशेजारी सोवळ्यात बसून असते. आचमनाच्या वेळी केशव, नारायण, माधव या तीन नावांस एकेक पळी पाणी प्यावे आणि गोविंदाच्या नावाने ताम्हनात सोडावे, हे मुंजीत शिकविले जाते. ते पाणीही हवे तितके घ्यावयाचे नाही, तळहातावर उडदाचा एक दाणा बुडेल इतकेच घ्यावे, असा शास्त्रार्थ आहे. उडदाच्या दाण्याचे माप ज्या समाजाने पाण्याला लावले, त्या समाजात तुपाची पळी लहान का, असे विचारण्यात अर्थ नाही. त्याहून मागे यज्ञशाळेत गेलो तर तेथे दर्व्यांची एक स्वतंत्र पंगतच बसलेली दिसते: जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची आणि स्रुव खैराचा. अग्नीला तूप वाढण्यास इतक्या झाडांची लाकडे लागत आणि कोणत्या लाकडाची दर्वी कोणत्या हातात धरावी हेही ठरलेले असे. याचा अर्थ इतकाच की, देवांच्या पंक्तीतही वाढप्याचे साधन बघूनच वाढप्याची पारख होत असे.

या एवढ्या प्रतिष्ठित घराण्याची संस्कृत पंडितांनी मात्र विनाकारण बदनामी केली आहे. दर्वी म्हणजे पळी. आमचा डाव आणि कोकणातील डवली ही तिचीच वंशावळ असावी, असे नाकाडोळ्यांवरून वाटते. चार वेद पाठ करूनही ज्याला स्वतःची ओळख पटली नाही, तो रसात बुडूनही चव न कळणाऱ्या दर्वीसारखा, असा दाखला सुभाषितकार देतात. धम्मपदाच्या बालवर्गातही जन्मभर पंडिताजवळ राहून कोरड्या राहिलेल्या मूर्खाला हीच उपमा दिलेली आहे. मला हा आरोप एकतर्फी वाटतो. प्रतिवादीस बोलावून त्याची जबानी घेतली असती, तर 'मला चव कळली असती तर पंक्तीपर्यंत काही पोहोचलेच नसते' एवढे एकच वाक्य त्याने रुजू केले असते, आणि खटला तेथेच संपला असता. चव न कळणे हा दर्वीचा दोष नसून तिच्या नेमणुकीची अट आहे. आमच्या घरातील सुगरणीसुद्धा आमटीत मीठ बेताचे पडले की नाही हे पाहण्यास डाव कधी तोंडाला लावीत नसत. थेंबभर आमटी तळहातावर टाकून ती चाखत, आणि डाव जसाच्या तसा पातेल्यात परत जाई. डाव एकदा उष्टा झाला की सबंध पातेले बुडाले, ही जाणीव त्या हातांत होती.

आणि येथेच चमच्याची आणि ओगराळ्याची वाट वेगळी होते. चमचा हा शब्द फारसीकडून आला आणि आपल्या सार्वजनिक जीवनात इतका रुजला की 'अमुक हा तमुकाचा चमचा' असे म्हटले की पुढे खुलासा करावा लागत नाही; कांशीराम यांनी तर १९८२ साली इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, त्यात या सबंध युगालाच चमच्याचे नाव दिले. परंतु 'अमुक हा तमुकाचा डाव' किंवा 'मंत्र्यांचे ओगराळे' असे कोणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. कारण उघड आहे. चमचा थेट साहेबांच्या मुखापर्यंत जातो, आत काय चालले आहे ते पाहून येतो, आणि बाहेर येताना चकचकीत होऊन येतो; ओगराळ्याची धाव पानापर्यंत. मुखाशी ज्याचा संबंध आला नाही त्याला लाळघोटेपणा जमणार कोठून?

म्हणून ओगराळे निर्दोष आहे, असे मात्र नव्हे. लाच घेत नसले तरी पक्षपात त्याला वर्ज्य नाही. पंक्तिप्रपंच करू नये असे धर्मशास्त्र सांगते. आणि ज्याअर्थी सांगावे लागले, त्याअर्थी तो सर्रास होत असला पाहिजे. एकच डाव, एकच पातेले, परंतु बुडविण्याची रीत दोन. आमटीत डाळ तळाशी बसते, तेव्हा लाडक्याच्या पानात डाव तळातून येतो आणि परक्याच्या पानात वरच्यावर फिरून येतो. मिसळीच्या रश्श्यात याच्या नेमके उलट, कारण तेथे माल वर तरंगतो, आणि जिच्यासाठी माणूस नागपुरापासून कोल्हापुरापर्यंत घाम पुसत बसतो ती तर्री वरून अलगद काढावी लागते. ही विद्या आमच्या थोरल्या काकूंना पूर्ण अवगत होती. त्यांच्या हातात डाव आला की नात्यांची सबंध वंशावळ पानापानांतून वाचता येई.

"काकू, जरा तळातून," असे एकदा मी धीर करून म्हणालो.

"तळात काय आहे ते मला ठाऊक आहे हो," काकू हातचा डाव न थांबविता म्हणाल्या, "आधी पानातला भात संपव, मग तळाची चौकशी कर."

आणि डाव पुढे जावयांच्या पानाकडे सरकला. तेथे तो इतका खोल गेला की काकूंच्या बांगड्या पातेल्याच्या काठावर वाजल्या. वाढप्यांच्या या सत्तेला वेसण घालण्याचे प्रयत्न इतिहासात झालेले आहेत. सवाई माधवरावांच्या लग्नाच्या वेळी भोजनाच्या बंदोबस्ताची तपशीलवार याद नाना फडणिसांनी काढली होती, हे प्रसिद्ध आहे. पुढे १७९५ साली निजामाविरुद्ध खर्ड्याचा डाव जमविणाऱ्या मुत्सद्द्याला पंक्तीतल्या डावाचीही चिंता होती, यावरून दोन्ही कामांत लागणारी अक्कल फारशी निराळी नसावी.

कोकणात आणि गोव्यात मात्र या सुभेदारीचा थाट नाही. तेथे करवंटी घासूनपुसून तिला दांडा बसविला की डवली तयार. आणि या साधेपणामागे दारिद्र्य नसून व्यवहार आहे. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात आंबट पदार्थ कळकतो, आणि कोकमाच्या मुलखात आंबट नाही असा पदार्थ शोधावा लागेल. करवंटीला कल्हई नको, कल्हईवाल्याची वाट पाहणे नको, आणि तिचा दांडा हाताला चटका देत नाही. सोलकढीसाठी त्याहून सोयीचे साधन अद्याप कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडलेले नाही.

सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला. शेर, पावशेर, छटाक यांच्या पिढीजात सनदा खालसा झाल्या आणि १९५८ पासून दशमान पद्धतीचा अंमल सुरू झाला. बाजारातील प्रत्येक मापावर निरीक्षकाचा छाप उमटला. परंतु आमच्या स्वयंपाकघरातील डावाची तपासणी करण्यास कोणीही निरीक्षक आला नाही, आणि आला असता तर काकूंनी त्याला पानावर बसविले असते. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' निघाले, त्यात वाटी आणि चमचा यांना प्रमाणाची पदवी मिळाली आणि नवविवाहित मुलींचा मोठाच दुवा ग्रंथकर्तीला लाभला. आडनावात ओगराळ्याची निम्मी अक्षरे असूनही त्यांनी ओगराळ्याला मापाचा दर्जा दिला नाही. हे त्यांनी योग्यच केले असे मी म्हणेन. कारण ओगराळ्यात किती मावते हे ओगराळ्यावर नसून धरणाऱ्याच्या मनावर असते, आणि मनाचे प्रमाण छापील पुस्तकात देता येत नाही.

हल्ली ही नावे झपाट्याने मोडीत निघत आहेत. भांड्यांच्या दुकानात जाऊन ओगराळे मागावे, तर पोऱ्या मालकाकडे पाहतो, मालक माळ्याकडे पाहतो, आणि अखेर समोर येतो तो 'तीन नंबरचा सर्व्हिंग स्पून'. डावाला दोन नंबर, पळीला एक. तुळशीबागेतील भातुकलीच्या खेळण्यांत पितळेची इवली पळी आणि झारा अजून मिळतात, म्हणजे ज्या वस्तू आईला ओळखता येत नाहीत त्या घेऊन मुलगी स्वयंपाक मांडते.

तथापि ओगराळ्याची विद्या नष्ट झाली, असे मानण्याचे कारण नाही. ती फक्त काकूंच्या हातून मक्तेदाराच्या हातात गेली आहे. मंगल कार्यालयात उभ्याने जेवण्याची पद्धत आली आणि पाहुण्याने आपल्या हाताने घ्यावे असे ठरले, तेव्हा वाढप्याचा जुलूम संपला म्हणून आम्हांस आनंद झाला होता. पण मक्तेदार हा मुरलेला मनुष्य. पाहुणा कसा घेईल हे त्याला ठरविता येत नाही, परंतु कशाने घेईल हे ठरविता येते, आणि जिन्नसाचा दर जितका चढा तितके साधन लहान, हा जमाबंदीचा नियम त्याने कोणत्याही कचेरीत नोकरी न करता शिकलेला आहे. भातात हातभर रुंदीची भातवाढी. बटाट्याच्या भाजीत डाव. पनीरच्या भाजीत पळी, तीही जराशी चेपलेली. परवाच्या एका लग्नात मी ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेलो, तर बासुंदीच्या पातेल्यात चहाचा चमचा होता, आणि ओगराळे पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेले होते.